रशियातले ऑलिगार्क: वतनदार की सरंजामदार?

प्रश्न असा आला आहे: "रशियाचे ऑलिगार्क एवढे गडगंज. नव्वदच्या दशकात त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडून आणला म्हणतात. मग २०२२ पासून त्यांच्या बोटी, बंगले जप्त झाले तरी ते पुतिनना हटवत का नाहीत? नक्की कोण कोणाच्या खिशात आहे? आणि या लोकांना मराठीत काय म्हणायचं?"

दिसायला तीन प्रश्न आहेत, पण मला वाटतं तुम्ही एकच विचारताय: रशियात एखादी गोष्ट 'माझी' आहे म्हणजे काय? त्याचं उत्तर लागलं की बाकीचं आपोआप सुटतं.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि १९९३ च्या ऑक्टोबरअखेर मॉस्कोत एका भारतीय औषध कंपनीच्या कचेरीत दुभाषी म्हणून रुजू झाले. पाच वर्षं तिथे काढली. नंतरची वीसेक वर्षं मुंबईत बसून तिकडच्या कंपन्यांची छाननी केली: खरा मालक कोण, पैसा आला कुठून, कोणत्या कोर्टात काय चाललंय. म्हणजे मी अर्थतज्ज्ञ नाही, फायली वाचणारी बाई आहे. आणि फायली वाचून वाचून एक सवय जडली. समोरचा किती श्रीमंत आहे हे मोजण्याआधी मी विचारते, हे सगळं याच्याकडून काढून घ्यायचं कुणी ठरवलं, तर किती दिवस लागतील?

आपल्या इतिहासात यासाठी दोन चांगले शब्द आहेत. वतन आणि सरंजाम. वतन पिढीजात, राजा बदलला तरी पाटील पाटीलच. सरंजाम मुळात चाकरीच्या बदल्यात, मर्जी आहे तोवर. (पुढे आपल्याकडे सरंजामही बापाकडून मुलाकडे जायला लागले, तो भाग वेगळा.) रशियातल्या या मंडळींना नव्वदच्या दशकात जे मिळालं ते त्यांना वतन वाटलं. तो सरंजाम होता.

सगळ्यांना हे माप लागत नाही, हेही सांगून टाकते. क्रास्नोदारमधून सुरुवात करून किराणा दुकानांची साखळी उभी करणारा गालित्स्की आणि तेलाच्या विहिरी पदरात पाडून घेणारा माणूस एका पंगतीतले नाहीत. शिवाय १९९६, २००३ आणि २०२३ या तीन सालांतली उत्तरंही वेगवेगळी आहेत. बातम्यांत मात्र 'रशियन ऑलिगार्क' असा एकच शिक्का मारतात आणि तिथेच घोळ होतो.

सुरुवात सोव्हिएत संघ असतानाच झाली. तिथे रूबल दोन जातींचे होते. कारखान्यांच्या खात्यांत नुसता वहीवर फिरणारा तो 'बेझनाल' आणि पगारात हाती पडणारा तो 'नाल', रोकडा. एकाचा दुसरा करायला बंदी. कोम्सोमोल या पक्षाच्या युवक संघटनेच्या आश्रयाने निघालेल्या तंत्रज्ञान केंद्रांना मात्र यात सूट मिळाली. मिखाईल खोदोर्कोव्स्की हा मॉस्कोच्या मेंदेलेयेव रसायन संस्थेतला कोम्सोमोलचा कार्यकर्ता. वहीतल्या रूबलचा रोकडा करून देणं हा त्याचा पहिला मोठा धंदा, आणि त्यातूनच मेनातेप बँक उभी राहिली. पुढे २ जानेवारी १९९२ ला सरकारने बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या, तेलाची नाही. देशात तेल मातीमोल, बाहेर डॉलरने. मधला फरक खिशात घालायला एक कागद लागायचा, निर्यात परवाना, आणि त्यावर सही सरकारी अधिकाऱ्याची. त्या एका वर्षात भाव सुमारे पंचवीस पटींनी चढले. बोरिस बेरेझोव्स्की तोल्यात्तीच्या कारखान्याकडून लाडा गाड्या उधारीवर घ्यायचा, विकायचा, आणि पैसे महिन्यांनी चुकते करायचा. तोवर रूबलचा पाचोळा झालेला असे. उधारी हाच नफा.

म्हणजे पहिल्या दिवसापासून या श्रीमंतीचा कच्चा माल सरकारी सवलत हाच होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सामान्य माणसाला काय मिळालं? एक व्हाउचर. १९९२ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबलचं एकेक. खासगीकरणाचे मंत्री अनातोली चुबाइस यांनी सांगितलं होतं की या एका व्हाउचरची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल. माझ्या मॉस्कोच्या घरमालकीणबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला ते दाखवलं होतं, नोटेसारखं, वर तिथल्या 'व्हाइट हाउस'चं, म्हणजे संसदेच्या इमारतीचं चित्र. तीच इमारत १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्या रणगाड्यांनी फोडली होती. मी पोचले तेव्हा वरचे मजले काळेठिक्कर होते. बाईंनी व्हाउचर टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या एका गुंतवणूक फंडात घातलं. फंड गायब झाला. मेट्रोच्या तोंडाशी 'व्हाउचर विकत घेतो' अशी पाटी गळ्यात घालून माणसं उभी असत. त्यांना विकलं असतं तर निदान वोदकाच्या दोनचार बाटल्या तरी आल्या असत्या. खासगीकरणाला रशियनमध्ये 'प्रिवातिझात्सिया' म्हणतात. लोकांनी एक अक्षर घुसवून 'प्रिख्वातिझात्सिया' केलं, म्हणजे बळकावणं.

आणखी एक शब्द शिकून घ्या: 'क्रिशा', म्हणजे छप्पर. १९९४ च्या हिवाळ्यात आमच्या गोदामावर कातडी जाकिटातले दोघं आले आणि विचारलं, "तुमचं छप्पर कोण?" मी नवखी, शब्दाला शब्द भाषांतर केलं. आमचे साहेब म्हणाले, "पत्र्याचं आहे, गळत नाही." ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आमच्या रशियन हिशोबनीसाने मला बाजूला घेऊन समजावलं, छप्पर म्हणजे तुमच्या पाठीशी कोण आहे: गुंड, पोलीस, की वरचं कुणी.

ही गल्लीतली भाषा पुढे लंडनच्या कोर्टापर्यंत गेली. तेव्हा परदेशात आश्रय घेतलेल्या बेरेझोव्स्कीने रोमान अब्रामोविचवर खटला भरला की सिबनेफ्त या तेलकंपनीत माझा हिस्सा होता, तो याने दबाव आणून स्वस्तात घेतला. अब्रामोविचचा बचाव असा होता की हिस्सा वगैरे कधीच नव्हता, मी याला पैसे दिले ते क्रिशाचे, राजकीय छत्राचे. ३१ ऑगस्ट २०१२ ला न्यायमूर्ती एलिझाबेथ ग्लॉस्टर यांनी अब्रामोविचच्या बाजूने निकाल दिला. माझ्या धंद्यातल्या माणसाने वाचावा असा तो निकाल आहे. कारण त्यात एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक स्वतः शपथेवर सांगतो की कंपनी मिळवायला आणि राखायला क्रेमलिनमध्ये वट असलेला माणूस लागत होता, आणि त्याची किंमत मोजावी लागत होती.

आता मुख्य प्रकरण, 'कर्जाच्या बदल्यात समभाग'. १९९५ साली सरकारची तिजोरी रिकामी, पेन्शनी थकलेल्या. ओनेक्सिम बँकेचे व्लादिमिर पोतानिन यांनी मार्चमध्ये मंत्रिमंडळापुढे योजना मांडली: आम्ही बँका सरकारला कर्ज देतो, तारण म्हणून मोठ्या कंपन्यांचे समभाग द्या. ऑगस्टअखेर येल्त्सिनचा हुकूम निघाला, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लिलाव झाले. नोरिल्स्क निकेलच्या ३८ टक्क्यांची बोली १७ कोटी डॉलरपासून सुरू झाली आणि १७.०१ कोटीवर संपली. लिलाव भरवणारी बँक पोतानिन यांची, जिंकणारा गट त्यांचाच. ३५.५ कोटीची दुसरी बोली आली होती, ती तांत्रिक कारण देऊन बाद केली. युकोस या तेलकंपनीचे ४५ टक्के १५ कोटीवरून १५.९ कोटीला मेनातेपशी संबंधित कंपनीकडे गेले. लिलावाची व्यवस्था मेनातेपकडेच होती. सिबनेफ्तचे ५१ टक्के १० कोटीवरून १०.०३ कोटीला. दहा वर्षांनी सिबनेफ्तचा जवळजवळ तीन चतुर्थांश हिस्सा गॅझप्रोम या सरकारी वायुकंपनीने १,३०० कोटी डॉलरवर घेतला, त्यावरून अंदाज करा. शिवाय ज्या बँका सरकारला कर्ज देत होत्या, त्यांच्यात सरकारच्याच ठेवी पडून होत्या.

लोक या स्वस्ताईवर थांबतात. मी फाईल वाचताना तारखांवर थांबते. सरकारने कर्ज फेडलं नाही तर तारण विकायचा हक्क बँकांना मिळणार होता १ सप्टेंबर १९९६ नंतर. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती जून १९९६ मध्ये. मधे काय होतं? डिसेंबर १९९५ च्या संसदीय निवडणुकीत कम्युनिस्ट पहिले आले होते. त्यांचे नेते झ्युगानोव जिंकले असते तर हे सगळे कागद रद्द झाले असते. कागद हातात, पण माल अजून पूर्ण ताब्यात नाही. योजना आखताना हा हेतू होता का, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र असा झाला की एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या बँकवाल्यांना येल्त्सिन जिंकणं स्वतःच्या अस्तित्वाइतकं गरजेचं झालं.

येल्त्सिनची लोकप्रियता तेव्हा एक आकडी टक्क्यांवर आली होती. फेब्रुवारीत दावोसला झ्युगानोवभोवती परदेशी उद्योगपतींचा गराडा पाहून ही मंडळी हादरली आणि एकत्र आली. बेरेझोव्स्कीच्या हातात ओआरटी वाहिनी, व्लादिमिर गुसिन्स्कीची एनटीव्ही. एनटीव्हीचे प्रमुख तर प्रचारयंत्रणेतच सामील झाले. १९ जूनच्या रात्री प्रचाराचे दोन कार्यकर्ते सरकारी इमारतीतून झेरॉक्स कागदाच्या खोक्यात ५ लाख ३८ हजार डॉलर नेताना पकडले गेले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली ती पकडणाऱ्यांच्या प्रमुखाची, येल्त्सिनचे अंगरक्षक कोर्झाकोव यांची! दुसऱ्या फेरीच्या तोंडावर येल्त्सिनना हृदयविकाराचा झटका आला, तो मतदारांपासून लपवला. ३ जुलैला ते ५३.८ टक्के मतांनी जिंकले. पोतानिन पहिले उपपंतप्रधान झाले, बेरेझोव्स्की सुरक्षा परिषदेत. त्याने एका इंग्रजी दैनिकाला सांगितलं की आम्ही सातजण निम्मी अर्थव्यवस्था चालवतो. लोकांनी नाव पाडलं 'सेमिबांकिरश्चिना', सात बँकवाल्यांचं राज्य. १६१० साली झारला हटवून बसलेल्या सात सरदारांच्या कारभाराच्या नावावरून.

निम्मी अर्थव्यवस्था ही माझ्या मते फुशारकी होती. आणि तुमचा प्रश्न नेमका या फुशारकीवर उभा आहे. त्यांनी सत्ता विकत घेतली नव्हती. सत्ता आजारी होती, दिवाळखोर होती, आणि हे उशाशी बसले होते. भीती सरताच एकीही सरली. १९९७ च्या जुलैत स्व्याझइन्व्हेस्त या दूरसंचार कंपनीचा हिस्सा पोतानिन यांच्या गटाने १८७.५ कोटी डॉलरला घेतला, तर हरलेल्या गुसिन्स्की-बेरेझोव्स्कींनी आपापल्या वाहिन्यांवरून जिंकणाऱ्यांची लक्तरं वेशीवर टांगली. मग १७ ऑगस्ट १९९८. सरकारने देणी थांबवली, सहा रूबलचा डॉलर वर्षअखेर वीसच्या पुढे गेला, बँका धडाधड कोसळल्या. आमच्या कंपनीचे औषधांच्या वसुलीचे रूबल अशाच एका बँकेत होते. मी तीन दिवस रांगेत उभी राहिले. दार बंद, आत दिवे चालू, आणि काचेतून पहारेकरी आमच्याकडे बघत सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. ते पैसे परत मिळाले नाहीत, आणि वर्षअखेर कचेरीलाच टाळं लागलं.

इथवरचा हिशोब असा: सवलतीतून पैसा, पैशातून बँक, बँकेतून विहिरी, आणि विहिरी वाचवायला राष्ट्राध्यक्ष. या साखळीत कायद्याने पक्की झालेली एकही कडी नाही.

पुतिन यांनी हे ओळखलं. २००० साली ते निवडून आले. १३ जूनला गुसिन्स्कीला अटक झाली, बुतिर्का तुरुंगात. एनटीव्ही चेचन्याच्या युद्धावर फार बोलत होती. २० जुलैला त्याने आपली माध्यम कंपनी गॅझप्रोमच्या शाखेला विकण्याचा करार केला, आणि कराराला एक जोडपत्र होतं, क्रमांक ६. त्यात त्याच्यावरचा खटला मागे घेण्याची हमी, खाली माध्यममंत्र्यांची सही. धंद्याच्या करारात, लेखी! युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये यावर रशियाला दोषी धरलं. मी हजारो करार वाचलेत, असं जोडपत्र पुन्हा पाहिलं नाही.

२८ जुलैला क्रेमलिनमध्ये एकवीस उद्योगपतींना बोलावलं. तिथला समझोता कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना कळला: जुने लिलाव उकरत नाही, तुम्ही राजकारणात नाक खुपसू नका. ऑगस्टमध्ये कुर्स्क पाणबुडी बुडून ११८ नाविक गेले, बेरेझोव्स्कीच्या वाहिनीने पुतिनना धारेवर धरलं, आणि वर्ष संपायच्या आत तो देशाबाहेर होता. राष्ट्राध्यक्ष आपणच घडवला असं समजणारा माणूस.

खोदोर्कोव्स्कीला वाटलं आपली गोष्ट वेगळी आहे. युकोसचे हिशोब आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठेवलेले, अमेरिकी तेलकंपन्यांशी बोलणी चाललेली, विरोधी पक्षांना देणग्या. १९ फेब्रुवारी २००३ ला क्रेमलिनमधल्या बैठकीत, कॅमेऱ्यांसमोर, त्याने भ्रष्टाचाराचा विषय काढला आणि रोसनेफ्त या सरकारी तेलकंपनीने केलेल्या एका महागड्या खरेदीवर बोट ठेवलं. पुतिनही थंडपणे म्हणाले की युकोसने तेलसाठे कसे मिळवले तेही बघायला हवं. २५ ऑक्टोबरला नोवोसिबिर्स्कच्या विमानतळावर त्याला उचललं. करांची थकबाकी काढून युकोसचा मुख्य उत्पादक भाग, युगान्स्कनेफ्तेगाझ, १९ डिसेंबर २००४ ला लिलावात काढला. घेणारी कंपनी 'बाइकाल फायनान्स ग्रुप', त्वेर शहरात नुकतीच नोंदलेली, कुणी नावही न ऐकलेली. बोली सुमारे ९३५ कोटी डॉलर. काही दिवसांत ती कंपनीच रोसनेफ्तने गिळली. १९९५ च्या लिलावाची हीच रीत होती, फक्त हातोडा आता दुसऱ्या हातात.

माझ्या त्या सवयीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं: अटकेपासून लिलावापर्यंत चौदा महिने. २०१४ मध्ये येव्तुशेन्कोव या उद्योगपतीला सप्टेंबरात नजरकैद झाली आणि ऑक्टोबरअखेर त्याची बाशनेफ्त ही तेलकंपनी कोर्टाने सरकारजमा केली. सहा आठवडे. हा तर सत्तेशी भांडलेलाही नव्हता.

एक दृश्य मात्र यूट्यूबवर जरूर बघा. ४ जून २००९, पिकाल्योवो नावाचं छोटं गाव. पगार थकले म्हणून कामगारांनी महामार्ग अडवला होता. पंतप्रधान पुतिन आले, कारखानदारांना खाली मान घालून बसवलं. ॲल्युमिनियमसम्राट देरिपास्का करारावर सही करून परत जायला वळतो, तेव्हा पुतिन म्हणतात, "आणि माझं पेन परत द्या." क्रियापद आदरार्थी बहुवचनी आहे, मुद्दाम सांगते, रशियनमध्ये तो आदरच जास्त झोंबतो. देरिपास्का मागे फिरतो, पेन ठेवतो. काही सेकंदांचा प्रसंग, पण कोण कोणाच्या खिशात याला याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

दरम्यान नवी फळी आली: पुतिनचे ज्युदोतले जुने साथी रोटेनबर्ग बंधू, तेलव्यापारातले तिमचेन्को, बँकेवाले कोवालचुक. आणि रोसनेफ्तचे इगोर सेचिन, ज्यांना मालक म्हणणंही चूक, ते सरकारी कंपनीचे प्रमुख. यांची श्रीमंती सरकारी कंत्राटांवर किंवा सरकारी खुर्चीवर उभी. हे पुतिनच्या आधी कुणी नव्हते, त्यामुळे नंतर आपण कोण असू हा विचार त्यांना झोप लागू देत नसावा.

आता २०२२, म्हणजे युक्रेनवरचं आक्रमण आणि त्यापाठोपाठ आलेले पाश्चात्त्य निर्बंध. हटवत का नाहीत? कारण हटवायला जे लागतं ते त्यांच्याकडे नाही. वाहिन्या २००१ पर्यंतच गेल्या, पक्ष नाही, आणि एकमेकांवर विश्वास १९९६ नंतर कधी नव्हताच. ज्याच्याजवळ फौज होती, 'वॅग्नर' ही भाडोत्री, त्या प्रिगोझिनने जून २०२३ मध्ये बंड केलं. ऑगस्टमध्ये त्याचं विमान पडलं. ओलेग तिन्कोव या बँकवाल्याने एप्रिल २०२२ मध्ये युद्धाला उघड नावं ठेवली आणि थोड्याच दिवसांत त्याला आपला हिस्सा विकावा लागला, कवडीमोलाने, असं तो स्वतः सांगतो. घेणारे कोण? पोतानिन. तीस वर्षांनीही तेच.

निर्बंधांमागचा तर्क असा होता की खिसा फाटला की हे लोक मालकाविरुद्ध उठतील. उलट झालं. बाहेरची दारं बंद झाल्यावर पैसा ठेवायला जागा उरली ती घरातच, म्हणजे ज्याच्या मर्जीवर सगळं अवलंबून त्याच्याच अंगणात. परदेशी कंपन्या निघून गेल्या, त्यांचे कारखाने वाटायला आले. २०२३ च्या जुलैत दानोनचा रशियातला दूध-दह्याचा धंदा सरकारी ताब्यात गेला आणि त्यावर नेमला गेला चेचन्याचा सत्ताधीश कादिरोव याचा पुतण्या. नवे सरंजाम वाटले जात असताना बंड कोण करेल?

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. आपल्या महामार्गांवर नायराचे पेट्रोल पंप लागतात. गुजरातमधला वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि हे पंप २०१७ मध्ये १,२९० कोटी डॉलरच्या व्यवहारात एस्सारकडून गेले; त्यातला ४९ टक्क्यांवर हिस्सा रोसनेफ्तचा. त्या रोसनेफ्तला मोठं केलं खोदोर्कोव्स्कीकडून काढून घेतलेल्या युगान्स्कच्या विहिरींनी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावरही निर्बंध घातले.

राहिला शब्दाचा प्रश्न. ऑलिगार्क मूळ ग्रीक, राज्य करणाऱ्या मूठभरांपैकी एक. १९९६ पुरता तो शोभतो. आज ते राज्य करत नाहीत, म्हणून तुम्ही लेख लिहीत असाल तर येल्त्सिनच्या काळासाठी 'ऑलिगार्क' ठेवा, हवं तर 'धनदांडगे' म्हणा. पुतिनच्या काळासाठी मी माझ्या टिपणांत 'सरंजामदार' लिहिते, आणि पुढे कंसात ज्या सहीवर तो टिकून आहे तिचं नाव.